बांधावरचं आवतण

आमच्या आगरी लोकांत भटजी अलीकडचा. त्याआधी लग्नं धवलारीण लावायची. धवलारीण म्हणजे धवले, लग्नविधीची गाणी, गाणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय ना हळद लागायची, ना अक्षता पडायच्या. आमच्या घराण्याची धवलारीण माझी सख्खी आत्या, वेणूआत्या. वय विचारलं की सांगते, तुज्या बापापरीस मोटी. बापाला जाऊन वीस वर्षं झाली.

माझ्या मनस्वीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, हॉल, डीजे, केटरर, काय हवं ते माग. गाव प्रकल्पात गेलं आणि आम्ही करंजाड्याला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हापासून पोरीनं मागायचं आणि मी द्यायचं असंच चाललं होतं. तिनं एकच मागितलं. हळदीला आत्याचा धवला हवा, आणि तो शेवटपर्यंत हवा. शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावतात, आणि तिची आई, माझी शशिकला, तीन वर्षांपूर्वी गेली. आईला बोलावलेलं तिला कानांनी ऐकायचं होतं. बाकी लग्न तुम्हाला हवं तसं करा, म्हणाली.

यात अडचण काहीच नव्हती. अडचण मी काढली.

धवल्यात गेलेल्या माणसांच्या आधी देवांना आवतण जातं. गावदेवी, वेशीवरचा राखणदार चेडा, विहिरीवरच्या साती आसरा, आणि मग खाडीच्या बांधावरचा पीरबाबा. आमच्या गावात मुसलमानाचं एकही घर नव्हतं. बाबा आमचाच. भातात खारं पाणी शिरू नये म्हणून तो रात्रंदिवस बांधावर उभा असतो, असं सगळे मानायचे. चादर आम्हीच चढवायचो, नारळ आम्हीच फोडायचो, आणि म्हातारे हात जोडून त्याला 'सलाम बाबा' म्हणायचे. दोन्हीचा मेळ कसा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. गाव उठलं तेव्हा गावदेवीला ग्रॅनाइटचं देऊळ मिळालं. बाबाचा चौथरा मात्र कुणी मागितला नाही. तो आमचा आहे असं आम्हीच म्हणायला हवं होतं, आणि आम्ही गप्प बसलो. चौथरा भरावाखाली गेला.

जावयाचं नाव निनाद. त्याचे वडील विनायकराव पनवेलला बँकेत अधिकारी, भला माणूस. पण साखरपुड्यानंतर दोन्ही घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि त्यात त्यांच्याकडचे कोण कोण रोज मुसलमानांविरुद्ध काय काय पाठवायला लागले. ते वाचून मी घाबरलो. हळदीचं शूटिंग होणार, रील निघणार, आणि त्यात आमची म्हातारी पीराला सलाम घालणार! विनायकराव मला एका शब्दानंही काही बोलले नव्हते. साप साप म्हणून भुई धोपटणारा मीच.

हळदीच्या आदल्या दिवशी आत्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत बसली होती. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हटलं, बाबाचं कडवं तेवढं राहू दे, हल्ली दिवस बरे नाहीत, आणि तसाही तो आता तिथं कुठं आहे.

आत्यानं सूप खाली ठेवलं. "बाबाला सोरून फुडं कशी जाऊ?"

मला हसू आलं. जायचंय कुठं, गायचं तर आहे, असं मी म्हटलं. तिनं सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "तुजी पोर, तुजा मांडव. सोरते."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. मनस्वी पाटावर, शेजारी आत्या. डीजे बंद केला. आत्यानं डोळे मिटले आणि सूर धरला:

"पयलं आवतान गावदेवी आयला,
मांडवान ये गो, हलद लागली बायला."

चेड्याला बोलावून झालं, आसरा झाल्या. "बांदाचे वाटेनं," आत्या म्हणाली, आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "बांदाचे वाटेनं." तिसऱ्यांदा आवाज नुसता थरथरला. लुगड्याखाली तिची पावलं हलत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्या शाळेत गेलेली नाही. ती शब्द पाठ करत नाही, ती गावातून चालते. वेशीपासून विहिरीवर, विहिरीपासून बांधावर, जो जो वाटेत भेटेल त्याला आवतण. आमची मसणवट बांधाच्या पलीकडे, आणि तिकडं जायला दुसरी वाट नव्हती. तिरडी विसाव्याला बाबाच्याच चौथऱ्यावर टेकायची. माझ्या बापाचीही तिथंच टेकली. आत्याच्या लेखी शशिकलाही तिकडंच गेलेली, जाळली कुठंही असो.

मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की आत्या, घे बाबाचं नाव. पण पुढच्या रांगेत विनायकराव बसले होते आणि मी उठलो नाही. मागून कुणीतरी म्हणालं, वय झालं हो म्हातारीचं. भटजी खाकरले आणि त्यांनी मंत्र सुरू केला. हळद लागली. मनस्वी रडत होती, आणि बायका म्हणत होत्या की हळदीला सगळ्याच पोरी रडतात.

लग्नानंतर चौथ्या दिवशी ती माहेरी आली, तेव्हा तिला घेऊन मी आत्याकडे गेलो. मी कबूल केलं की चूक माझी. म्हटलं, आता इथं कुणी परकं नाही, बाबासकट सगळं गा, पोरीला आईचं नाव ऐकू दे.

आत्यानं डोळे मिटले. गावदेवी, चेडा, आसरा. बांधाशी ती पुन्हा थांबली. मी तिला शब्द आठवून दिले, सलाम घे रं बाबा, मांडवान ये. ते मला अजून येत होते. तिनं मान हलवली.

"सबुद मनाबी येतान," ती म्हणाली. "तू बोललास बाबा तिथं नाय. तवापासून मी बगते, तं खरंच कोन नाय. नुसता भराव दिसतो. वाटच नाय."

"आणि आई?" मनस्वीनं विचारलं.

आत्यानं तिचा हिरव्या चुड्याचा हात हातात घेतला. "ती पलीकरं हाय, बाय. हाक मारली तरी येल कुठून?"

मनस्वी या वेळी रडली नाही. तिनं आत्याचा हात सोडला नाही, आणि निघेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.