तिसरा मजला

नवं वेळापत्रक लागलं आणि विज्ञानाच्या बाईंचा तिळपापड झाला. त्यांचे सगळे तास तिसऱ्या मजल्यावर, आणि गणिताच्या बाईंचे सगळे तळमजल्यावर! का, तर म्हणे त्यांना युरिक ॲसिडचं दुखणं, पायाचा अंगठा सुजतो.

"परवा तर टुणटुणीत चालत होत्या," बाई शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाल्या. "जिभेचे चोचले पुरवायचे आणि वर लाड करून घ्यायचे! मला कुणी जपलंय का कधी?"

त्यांनी मुख्याध्यापकांना तक्रार खरडली: हे सोंग आहे, तास सारखे वाटा. जिने चढायची वेळ आली तर गणिताच्या बाईंना नोकरी सोडावी लागेल, हे विज्ञानाच्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी मत्सर काही ऐकेना.

त्याच दिवशी त्यांनी वर्गात प्युरीन शिकवलं. पेशी झिजल्या की त्यांतलं प्युरीन नावाचं द्रव्य शरीर पायरीपायरीने मोडत नेतं. कुत्र्याचं शरीर ते पाण्यात सहज विरघळेल इथवर मोडतं, बरेच मासे त्याच्याही पुढे जातात. माणूस मात्र युरिक ॲसिडवरच अडतो, आणि ते साठलं की सांध्यात त्याच्या बारीक सुया होतात.

वर्ग सुटला. तक्ते गुंडाळायला आलेले प्रयोगशाळेचे काका म्हणाले, "बाई, कुत्र्याला असते ती पुढची पायरी कमी खाल्लं की मिळते का हो?"

"छे! ती आपल्या पूर्वजांनीच गमावली, कोटीभर वर्षांपूर्वी. तुमच्यात नाही, माझ्यातही नाही."

"मग गणिताच्या बाईंनीच काय घोडं मारलंय? वर्गात एक सांगता नि बाहेर भलतंच बोलता!"

बाई फणकाऱ्याने निघाल्या. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई एकट्याच, पाय खुर्चीवर ठेवून वह्या तपासत होत्या. अंगठा लालबुंद सुजलेला. आत्ताच मुख्याध्यापकांना देऊन टाकावी म्हणून बाईंनी घाईघाईत पर्समधून तक्रार ओढली, ती निसटली आणि नेमकी त्या अंगठ्यावर पडली.

गणिताच्या बाई किंचाळल्या! एका कागदाच्या वजनाने!

"माफ करा हं," डोळे पुसत त्याच म्हणाल्या. "असं झालं की चादरसुद्धा सोसत नाही. चार दिवसांनी उतरतं, मग लोकांना वाटतं नाटक होतं. कसला कागद हो?"

विज्ञानाच्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमच्याविरुद्ध तक्रार," त्यांनी सांगून टाकलं आणि कागद टराटरा फाडला. "तुमच्या तळमजल्यावर जळत होते मी."

गणिताच्या बाईंनी हातातली वही मिटली.

"आणि मी तुमच्या तिसऱ्या मजल्यावर," त्या म्हणाल्या. "तिथून सगळं मैदान दिसतं. दोन वर्षं झाली पाहून."

वाचकहो, दुसऱ्याला मिळालेली सवलत डोळ्यांत खुपू लागली, तर तक्रार लिहिण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, फार दुखतं का?