मी, ती खुर्ची आणि सदाशिवरावांचं पोट

मित्रांनो, मी एक जुना बेडपॅन आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. ज्या रोग्याला खाटेवरून उठता येत नाही, त्याच्या अंगाखाली मला सरकवतात आणि त्याचा शौचविधी खाटेवरच होतो. यवतमाळातल्या एका हाडांच्या दवाखान्यात, चार खाटांच्या खोलीत, मी सोळा वर्षं काढली आहेत. माझा काठ एका जागी चेपला आहे, पण मी अजून कुठे गळत नाही.

खरं सांगतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. ज्या पत्र्यातून मला कापलं, त्याच पत्र्यातून एक परातही निघाली. तिच्यात कणीक मळली जाणार आणि माझ्या वाट्याला काय येणार, हे कारखान्यातल्या कामगारांच्या हसण्यावरूनच मला कळलं होतं. दवाखान्यात आलो तर तिथे सलाइनचा स्टँड. येणारा प्रत्येक जण मान वर करून त्याच्याकडे बघायचा आणि किती उरलं ते विचारायचा. थर्मामीटरचीसुद्धा चौकशी व्हायची. माझ्यात काय आलं, काय नाही, हे कोणी विचारत नसे. इंदूबाई मावशी मला उचलायच्या, धुवायच्या आणि पुन्हा खाटेखाली सरकवायच्या.

तरी पडून असलेल्या माणसाला माझ्यावाचून चालत नाही, एवढा एक अभिमान मला होता. गेल्या दिवाळीनंतर तोही गेला. खोलीत एक नवी खुर्ची आली. तिला चाकं होती, मऊ हात होते, बैठकीत मधोमध भोक आणि खाली डबा होता. ज्यांना थोडंफार बसता येतं, त्यांच्यासाठी ती आणली होती. भैरवी सिस्टरांनी तिच्यावरून हात फिरवला. माझ्यावरून असा हात कोणी कधी फिरवला नव्हता. त्या दिवसापासून मला ती डोळ्यांसमोर नको झाली.

अशात सदाशिवराव आले. केळापूरकडचे शेतकरी, वय सत्तरच्या पुढे. शेताच्या बांधावरून पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन चांगलं झालं. दुखू नये म्हणून जोरकस गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्चीत बसावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण पाय हलवायची त्यांना धास्ती वाटत होती. त्यांनी मलाच मागितलं. ती खुर्ची कोपऱ्यात रिकामी उभी राहिली आणि मला फार आनंद झाला.

आनंद टिकला नाही. माझं गार स्टील लागताच सदाशिवराव दचकले. शेजारच्या खाटेवर पाहुणे डबा उघडून जेवत होते. पडदा अर्धाच ओढलेला होता. सदाशिवरावांनी डोळे मिटून घेतले, थोडा वेळ कळ काढली आणि मला घेऊन जायला सांगितलं. मी कोरडाच परत गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

मग त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही. त्यांची बायको मैनाबाई घासभर वरण-भात पुढे करायच्या आणि ते तोंड फिरवायचे. पाणीसुद्धा ओठ ओले होतील एवढंच घ्यायचे. सकाळी डॉक्टर पोट साफ झालं का म्हणून विचारत. खोलीत चार माणसं ऐकत असत. सदाशिवराव "हो" म्हणत आणि फाईलमध्ये तसं लिहिलं जाई.

मी खाटेखालून सगळं ऐकत होतो. मित्रांनो, मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो, हे आज कबूल करतो. खरं बाहेर आलं असतं तर त्यांना त्या खुर्चीवर बसवलं असतं.

पाचव्या दिवशी त्यांचं पोट फुगून टणक झालं. दोनदा उलटी झाली. बोलणं भरकटलं. मैनाबाईंना ते बहिणीच्या नावानं हाक मारू लागले आणि बैल सोडायला सांगू लागले. वेळ पडली तर नागपूरला हलवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मैनाबाई त्यांच्या पायावर हात ठेवून नुसत्या बसून होत्या. ऑपरेशनच बिघडलं, असं त्या धरून चालल्या होत्या.

भैरवी सिस्टरांनी फाईल उघडली. रोज पोट साफ, असं लिहिलेलं होतं. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मला घासत असलेल्या इंदूबाईंकडे मोरीत आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं.

इंदूबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "सिस्टर, त्याहीनं खोटं सांगतलं. पाच दिस झाले, मी हे भांडं कोरडंच उचलून राह्यली. मले कोनी इचारलंच नाही."

 सिस्टर झपझप डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. आतड्याला पीळ पडलेला नव्हता. मळ साचून घट्ट झाला होता. त्या जोरकस गोळ्यांनी आतडी सुस्तावतात. त्यात पडून राहणं, उपास आणि पाण्याची टाळाटाळ. "गोळ्या सुरू केल्या त्याच दिवशी पोटाचं औषध सुरू करायला हवं होतं. चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या कमी केल्या, सलाइन लावलं आणि एनिमा द्यायला सांगितलं.

एनिमा दिल्यावर इंदूबाईंनी मला उचललं. सिस्टरांनी त्यांना थांबवलं आणि खुर्ची ओढली.

दोघींनी मिळून सदाशिवरावांना अलगद बसवलं. गुडघा वर यावा म्हणून चांगल्या पायाखाली छोटं स्टूल दिलं आणि ऑपरेशन झालेला पाय नीट टेकवला. पडदा पूर्ण ओढला आणि पाहुण्यांना बाहेर काढलं. मैनाबाई पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. मग आतून थकलेला आवाज आला, "मैना, झालं वं."

मैनाबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. सगळी खोली सुटल्यासारखी झाली. मी मात्र जमिनीवर पडून जळत होतो. एक माणूस वाचला होता आणि मला फक्त ती खुर्ची दिसत होती.

त्यानंतर रोज सकाळी चहा, कोमट पाणी आणि लगेच खुर्ची, असं ठरून गेलं. दोन दिवसांत त्यांचं बोलणं ताळ्यावर आलं. मग ते वॉकर धरून चालू लागले. फाईल लिहिण्याआधी इंदूबाईंना विचारायचं, असाही नियम झाला.

घरी जायच्या दिवशी शेजारच्या खाटेवर कमलाकरराव आले होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं आणि त्यांना बसायची मनाई होती. सदाशिवराव वॉकर टेकत त्यांच्यापाशी गेले.

"साहेब, पोटाचं इचारलं का खरं सांगजा. मले बायकोले सांगाची लाज वाटे, डॉक्टरले सांगाची लाज वाटे. त्या लाजेपायी मी मरता मरता राह्यलो."

जाताना त्यांनी खुर्चीच्या हातावर, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. माझ्याकडे पाहिलंही नाही. ते अजून मनात सलतं.

पण कमलाकररावांना मीच लागणार होतो. इंदूबाईंनी मला आधी गरम पाण्यानं धुतलं आणि कोरडं पुसलं. सिस्टरांनी खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उचलली, पडदा ओढला आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं. सोळा वर्षांत माझ्यासाठी हे कोणी केलं नव्हतं. मी गार होतो, कारण मला कोणी ऊन केलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरचं माणूस दवाखान्यात असेल तर जेवलास का एवढंच विचारू नका. पोट साफ झालं का, तेही विचारा, पण पडदा ओढून, हळू आवाजात. दोन दिवस झालं नसेल तर सिस्टरांना सांगा. आणि भांडी धुणाऱ्या मावशींशी बोला. त्यांना बरंच ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे बसलेले असताना कमलाकररावांनी मला मागितलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्या आवाजात.