शंका विचाराव्यात

“डोये मीट, पोट्ट्या. अन् आता सांग—”

हा आवाज अण्णाजींचा, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, विड्यांच्या धुराने खरबरीत झालेला. आणि तो कानात वाजला की रूपरावाच्या पापण्या आजही आपसूक खाली येतात, मग समोर बैलबंड्यांची रांग उभी असो की साहेब. आत्ता चिमटीत होता बोराएवढा एक कापसाचा पुंजका, डिसेंबरच्या सकाळचा, रात्रभर बंडीत राहून गार पडलेला. त्याने सरकी वेगळी केली, पुंजका ओढला, दोन्ही टोकं जुळवली, पुन्हा ओढला, पुन्हा जुळवली… आणि तंतू एकमेकांशेजारी असे निजले जशा लग्नघरात एका सतरंजीवर पोरी निजतात. गुडघ्यावरच्या काळ्या फडक्यावर त्याने ते ठेवले. लांब, उजळ, मऊ. पहिली प्रत, बोटं म्हणाली.

“दुसरी,” रूपराव म्हणाला.

सरकारी कापूस खरेदी केंद्राच्या ओट्याच्या पायथ्याशी बसलेल्या श्रावण कारकुनाने चिठ्ठीवर दोनचा आकडा टाकला. बंडीवाला “बरं” म्हणाला, त्याने बैलांच्या पाठीवर हात फिरवून जू सावरलं, आणि काट्याकडे निघाला. बरं! एकोणीस दिवसांत किती ‘बरं’ या ओट्याने ऐकले असतील. कुणी भांडलं असतं, कुणी टोपी आपटली असती, तर रूपरावालाही आवाज चढवता आला असता, आणि चढलेल्या आवाजात माणसाला स्वतःचं ऐकू येत नाही. पण माणसं भांडत नव्हती. ती त्याच्या हातावर विश्वास ठेवून होती. ‘रूपरावभाऊनं दुसरी म्हटली ना, मंग दुसरीच.’ सिंदीपासून जामपर्यंत हेच बोललं जायचं, आणि हे ऐकताना पूर्वी त्याच्या छातीत काहीतरी फुलून यायचं. आता तिथेच काहीतरी आत ओढलं जातं…

हा हात अण्णाजींनी दिलेला. अण्णाजी एका दलालाकडे पारखी होते. शाळा संपली तशी आईने रूपरावाला त्यांच्याकडे नेऊन बसवलं होतं. दोन वर्षं त्यांनी त्याला बोलू दिलं नाही, नुसता ओढायला लावला कापूस. चुकला की मारत नसत, त्याच्याच गालाला तो पुंजका लावत आणि म्हणत, “याचीच माफी माग.” कापसाची माफी! रूपराव हसायचा. मागायचा मात्र.

आणि आई… आई दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची, आणि वेचणीच्या ओळीत ओव्या रचायची. पाटील धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा असायचा. त्याच्या तोंडावर बोलायची तिची छाती नव्हती, ओवीची होती.

पांढऱ्या कापसाची, बाई, पांढरीच राह्यली रीत
मापाच्या काट्यापाशी काऊन बदलते नीत

बाया खुदखुदायच्या, पाटीलही मिशीत हसायचा आणि संध्याकाळी काटा जरा सरळ धरायचा. म्हणजे निरक्षर आईला एक वाट ठाऊक होती. आपण मॅट्रिक झालो, प्रतवारीची सरकारी परीक्षा पास झालो, आपल्याला ना तोंड ना ओवी.

“दुसरी.”

“बरं.”

ओट्याच्या मागच्या भिंतीवर निळ्या रंगात नवी पाटी होती. ऊन चढलं की अजून तिला ओल्या रंगाचा वास यायचा. ‘येथील प्रतवारी शेतकऱ्यांसमोर, उघडपणे केली जाते. शंका विचाराव्यात.’ हंगामाच्या पहिल्या दिवशी मंत्री आले होते, नव्या सरकारचे. आणीबाणी उठून दीड वर्ष झालं होतं, लोकांच्या कानांना भाषणांची भूक होती. गळ्यात बोंडांची माळ घालून मंत्री म्हणाले होते, “बंद खोलीतला कारभार संपला, बांधवांनो! या सरकारच्या घराला आम्ही दारच ठेवलेलं नाही.” केवढ्या टाळ्या! श्रावण तेव्हा हळूच म्हणाला होता, “दार नाई तर कुत्री शिरतीन ना, भाऊ,” आणि रूपरावाने त्याला डोळ्यांनी दटावलं होतं. मग मंत्र्यांसमोर त्यालाच ओट्यावर बसवून प्रत्यक्ष पारख करून दाखवायला लावली होती. त्या दिवशी तो खरं बोलला. पहिली म्हणजे पहिली. फोटोवाल्याने त्याच्या बोटांचा फोटो काढला.

आणि त्याआधी नऊ दिवस, सात तारखेला…

नाही, ते आत्ता नको. पण ते येतंच. पुंजका ओढताना दोन टोकांमधून जसा उजेड येतो तसं ते येतं. वर्ध्याचं ते विश्रामगृह, भर दुपार, आणि त्याला आलेलं बोलावणं: नमुन्यांची पिशवी घेऊन या. व्हरांड्यात तो तासभर उभा होता. मग आत बोलावलं आणि — हेच तर! — खुर्ची दिली. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांचे तीन शेठ, वरचे साहेब, केंद्रप्रमुख प्रभाकरराव, आणि तो. साहेब म्हणाले, “दार लावून घ्या हो जरा, थंडी आहे.” दाराजवळ तोच होता. तोच उठला. त्यानेच कडी घातली. मग कपबशीत चहा आला. त्याने नमुना ओढून दाखवला, पहिली म्हणाला, तेव्हा त्यातले थोरले शेठ अगदी प्रेमाने हसले. “हात काय आहे याचा, वा! पण यंदा पाऊस लांबला, नाही का रूपराव? यंदा तार तोकडीच म्हणायची.” यंदा पाऊस लांबला नव्हता. दिवसाला दहा बंड्या पहिल्या, बाकीच्या दुसऱ्या, असं ठरलं. दुसरी म्हणून घेतलेल्या कापसाच्या त्यांच्या जिनात पहिलीच्या गाठी बांधल्या जाणार होत्या, हेही कुणी लपवून बोललं नाही. लपवायचं कुणापासून? दार लागलेलं होतं. “लिहायचं काही नाही,” साहेब म्हणाले. “आणि रूपराव, या हंगामानंतर तुम्हाला कायम करायचं आहे ना आपल्याला?”

हो साहेब, तो म्हणाला होता. त्या ‘हो’मध्ये भीती होती असं आता म्हणता आलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण खरं म्हणजे त्यात आनंद होता. इतकी वर्षं दाराबाहेर उभा राहिलेला माणूस मी, मला आत घेतलं, माझ्या हाताची तारीफ केली… बंद खोलीत असणं हा मला मान वाटला. ही गोष्ट मी कुणाला सांगणार?

सांगितली होती, अर्धी. रात्री जेवताना कोकिळेला, बायकोला, खुर्चीचं आणि कपबशीचं सांगितलं होतं.

“अन् दार काऊन लावलं मंग?” तिने भाकरी वाढता वाढता विचारलं होतं.

“थंडी होती म्हणून.”

“नोव्हेंबरात? दुपारी?” ती हसली होती. “तुमचे साहेब बाळंतीण झाले की काय?”

त्याने ताट सरकवलं होतं. त्यानंतर ती त्या खोलीबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि तिचं न बोलणं घरात पाचव्या माणसासारखं वावरायला लागलं.

उन्हं डोक्यावर आली. प्रभाकरराव कार्यालयातून बाहेर आले. अमरावतीकडचा, गोड बोलणारा माणूस, हातात नेहमी पानाची डबी. ओट्याशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, “झाल्या का आजच्या दहा?”

“झाल्या.”

“छान. आता डोळे मिटून चालू द्या,” म्हणत ते आत परतले.

डोळे मिटून! रूपरावाला गदगदून हसू आलं. किंवा हसू नसेलही ते… मधल्या बोटाच्या पेराशी सकाळपासून काहीतरी ठसठसत होतं. बोटं ऐकत नव्हती. बोटांना कुणी खोलीत नेलं नव्हतं, त्यांना चहा पाजला नव्हता, त्यांना कायम व्हायचं नव्हतं. ती आपली प्रत्येक पुंजक्याला हात लागला की खरं बोलून मोकळी होत होती, आणि दर वेळी त्यांच्या पाठोपाठ जाऊन तोंडाला सारवासारव करावी लागत होती.

पुढची बंडी अर्धीच भरलेली होती. बोरच्या जंगलाकडून आलेली एक बाई, पन्नाशीची, गोंडाघरची, कपाळावर हिरवं गोंदण, कासोटा घट्ट. बैलांच्या पुढे तीच चालत आली होती. श्रावणने नाव विचारलं. “पंचफुला,” ती म्हणाली, आणि श्रावण लिहायला लागला तशी, “नीट लिहिजो बापू, एक फूल कमी करू नको.” रांगेत हशा पिकला.

रूपरावाने बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून नमुना काढला. आणि थांबला. असा कापूस या हंगामात त्याच्या हाताला लागला नव्हता. पाल्याचा एक कण नाही; बोंडातून एकेक पाकळी सोडवून घेतलेली. दहिवर सुकल्यावरच वेचलेला. हा कापूस नव्हताच, कुणीतरी दोन महिने धरून ठेवलेला श्वास होता.

“दुसरी,” तो म्हणाला.

‘बरं’ आलं नाही.

“दुसरी म्हंजे का, भाऊ?”

“दुसरी प्रत.”

“थे समजलं. पन त्याच्यात वाईट काय हाय?” तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिने पाटीकडे हनुवटी उचलली. “थ्या पाटीवर काय लिवलं थे मास्तरनं वाचून देल्लं मले. शंका इचारा म्हने. तं मी इचारून राह्यली.”

एकोणीस दिवसांत पहिली शंका. रांगेतल्या बिड्या थांबल्या.

“पाला आहे,” रूपराव म्हणाला.

“कुठी?” तिने ओंजळ भरून काढली, उलथीपालथी केली, उन्हात धरली. “दाखव.”

“म्हणजे… ओल आहे थोडी.”

तिने एक सरकी दाढेखाली धरली. कट्कन आवाज झाला, तो ओट्यावर ऐकू आला, काट्यापर्यंत ऐकू आला असेल. फुटलेली सरकी तिने तळहातावर घेऊन पुढे केली.

“तार तोकडी आहे,” तो म्हणाला, आणि हे वाक्य आपलं नाही, हे कपबशीतून आलेलं वाक्य आहे, हे त्याला म्हणतानाच कळलं.

पंचफुलाने मान हलवली. तिला तंतू ओढून तार मापता येत नव्हती. इथे तिने माघार घेतली. “असंन बाप्पा. थे मले नाई समजत. तू शिकला हायस.” मग जरा पुढे येऊन, ओट्याच्या कडेला हात टेकून, अगदी हळू म्हणाली, “मंग मले सांग ना भाऊ, काय चुकलं माह्यं? बी चुकलं का, येचनी चुकली? अजून एक येचनी बाकी हाय. सांगशीन तं पुढच्या बारीले नाई चुकनार मी.”

ती भाव मागत नव्हती. ती चूक मागत होती. त्याच्या खोटेपणातून निघालेला तो दोष ती पदरात घेऊन घरी जाणार होती आणि थंडीभर आपल्याच हातांना, आपल्याच शेताला विचारत बसणार होती… आणि ते ‘बरं’ म्हणून गेलेले सगळे? तेही असंच? कुणी बियाण्याला बोल लावला असेल, कुणी बायकोला, कुणी सुनेच्या वेचणीला. किती घरांत माझं हे ‘दुसरी’ जाऊन बसलं असेल! चोरी झाली असती तर लोक चोराला शोधत निघाले असते. इथे ज्यांचं गेलं तेच स्वतःची झडती घेत होते.

भीती वाटत होती. कायम होण्याचा कागद, घर, कोकिळा, दोन पोरं, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि आश्चर्य असं की आल्यावर ते तिथेच राहिलं, पण आड आलं नाही. आता राग होता, स्वच्छ राग, आणि पहिल्यांदाच तो शेठवर किंवा साहेबावर टाकून त्याला मोकळं व्हावंसं वाटत नव्हतं. त्यातला स्वतःचा वाटाही त्याला हवा होता.

तो ओट्यावर उभा राहिला. पारखी उभा राहून बोलत नसतो. रांग मागपर्यंत हलली.

“तुह्यं काईच चुकलं नाई, बाई,” तो म्हणाला. ही घरची बोली, ओट्यावर कधी न वापरलेली. “पहिली हाय ही. अन् मी काल-परवा ज्याले-ज्याले दुसरी म्हटलं, त्याईतल्या कितीकाची पहिलीच होती. श्रावण, खोड थो दोन.”

श्रावणची पेन्सिल चिठ्ठीवर अधांतरी राहिली. मग त्याने खोडलं.

कुणीतरी मागून ओरडलं, “अन् मंग दुसरी काऊन म्हटलं, भाऊ?”

प्रभाकरराव कार्यालयातून जवळजवळ धावतच आले होते. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, नुसतं घामेजलेलं. त्यांनी रूपरावाच्या दंडाला हात लावला. “रूपराव, तुमची तब्येत बरी नाही. उन्हाचं होतं असं. चला, आत चला. आपण आत बसून शांतपणे बोलू.”

“नाही साहेब.” त्याने दंड सोडवून घेतला, झटका न देता, कापसातून सरकी सोडवतात तसा. “आत नाही. जे बोलायचं ते इथंच बोलू.”

“अहो, काय बोलताय कळतंय का तुम्हाला? काही गोष्टी चारचौघांत…”

“चारचौघांतच.”

बंड्यांवरची माणसं खाली उतरत होती. जू मोकळं करून बैल तसेच सोडून लोक ओट्याजवळ येत होते. कुणी घाई करत नव्हतं, आणि त्या घाई नसण्यात काहीतरी असं होतं की प्रभाकररावांनी पानाची डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पंचफुला जागची हलली नव्हती. तिचा तळहात अजून ओट्याच्या कडेवर होता. पुढची वाक्यं रूपरावाने कधी जुळवून ठेवली नव्हती. उद्या काय, हे ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की बोटं आणि तोंड आता एका माणसाची होती. सगळ्यांत अवघड होतं ते त्याने आधी उचललं.

“सात नोव्हेंबरले, दुपारी, वर्ध्याच्या विश्रामगृहात कडी लावून सहा जनं बसले होते,” तो म्हणाला, “अन् थे कडी मी लावली होती.”