शिल्लकभाऊंचं कागदी कोठार

कारखान्यात त्यांना सगळे शिल्लकभाऊ म्हणत. तोंडावर साहेब, आणि पाठ फिरली की शिल्लकभाऊ. स्टोअरच्या खिडकीत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कोणी बोल्ट मागायला येवो की हात पुसायला फडकं, यांचे प्रश्न ठरलेले असत. किती? कशाला? जुनं कुठंय? जुनं दाखवल्याशिवाय नवं हातात पडत नसे. माणसं खिडकीशी ताटकळत, मनातल्या मनात शिव्या घालत, पण येत. निवृत्त झाल्यावर शिल्लकभाऊंना पगाराची फारशी आठवण आली नाही. कोणीतरी आपल्याकडे येऊन काहीतरी मागतंय, हेच काय ते सारखं आठवायचं.

घरात त्यांच्याकडे कोणीच काही मागत नव्हतं. मुलगी लग्न करून दूर गेलेली. राहिली बायको, तर तिला कागदापुढे काही सुचत नसे. ती भेटकार्डं करी, झाकणाची खोकी करी, कागदाची फुलं करी. इमारतीत एखादं बाळ रांगायला लागलं तरी हिचं कार्ड तयार. जेवणाचं टेबल नावापुरतंच जेवणाचं उरलं होतं. त्यावर कार्डशीट, रिबिनी, डिंकाच्या बाटल्या आणि गुंडाळून नक्षी करायच्या कागदी पट्ट्या यांचा ढीग. कात्र्या चमच्यांच्या स्टँडमध्ये, भोकं पाडायचे पंच फ्रीजवर, आणि चांगला कागद गादीखाली, कारण तिथे म्हणे तो सरळ राहतो. शिल्लकभाऊ रोज त्या कागदावर झोपत आणि ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवत. घासाबरोबर थोडी चमकीही पोटात जाई.

"अगं, या पसाऱ्यात तुला काही सापडतं तरी कसं?" ते विचारत.

"हात घातला की सापडतं," ती म्हणे. हात घातला की खरंच सापडायचं, आणि त्यांना राग यायचा तो त्याचाच.

मग ती बहिणीकडे राहायला गेली आणि शिल्लकभाऊंनी बाह्या सरसावल्या. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटातून आपले ऑफिसचे शर्ट काढून टाकले. पारदर्शक बरण्या आणल्या. कागद आधी जाडीप्रमाणे आणि मग रंगाप्रमाणे लावून उभे रचले. रिबिनी दांडीला अडकवल्या. कात्र्या दाराच्या आतल्या बाजूला टांगल्या आणि प्रत्येकीच्या मागे तिचाच आकार रंगवला, म्हणजे एखादी जागेवर नसली की लांबून कळावं. कारखान्यात पान्यांसाठी असंच होतं. कपट्यांनी भरलेलं एक मोठं खोकं निघालं, ते त्यांनी भंगार म्हणून रद्दीवाल्याला देऊन टाकलं. शेवटी प्रत्येक बरणीवर नाव चिकटवलं. कपाटाला कुलूप होतंच, ते लावलं. किल्ली खिशात टाकली तेव्हा त्यांना किती दिवसांनी बरं वाटलं.

बायको आली. कपाट उघडून दाखवल्यावर बराच वेळ बघत राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. "कपट्यांचं खोकं कुठंय?"

"भंगार होतं ते. काढून टाकलं."

"पाकळ्या करायचे मी त्या कपट्यांच्या," ती म्हणाली. मग शेजारणी कपाट बघायला आल्या, तेव्हा तिनेच त्यांना कौतुकाने दाखवलं. शिल्लकभाऊ बाजूला उभे राहून बरण्या सरळ करत होते.

दुसऱ्या दिवशी ती बेडरूमच्या दारात आली. "अहो, नक्षीची कात्री द्या जरा."

"कशाला?"

"कापायला."

"ते कळलं. पण काय कापायला?"

"खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या नातीचं कार्ड करतेय. कडा नागमोडी हवीय."

"मग साध्या कात्रीने काप की हळूहळू. नक्षीच्या कात्रीची धार जाते लगेच."

मनात वाईट काही नव्हतं हो त्यांच्या. ते सकाळीच कपाटाजवळ खुर्ची टाकून बसत आणि ती आली की उठून उभे राहत. डिंक मागितला की आधीची बाटली बघायला मागत. कागद मागितला की अर्ध्यात भागेल का, ते विचारत. तिने रुपेरी कागदाचा एक ताव मागितला तेव्हा अर्धा कापून दिला आणि उरलेला पुन्हा जागेवर उभा केला. तिने तो अर्धा हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. बायको बोलत नाही म्हणजे समजूतदारपणा करतेय, असं शिल्लकभाऊ धरून चालले. या बाबतीत बऱ्याच नवऱ्यांची समजूत अशीच असते.

हळूहळू तिचं येणं कमी झालं आणि मग थांबलंच. कपाट काठोकाठ भरलेलं राहिलं. भरलेलं स्टोअर हेच उत्तम स्टोअर, अशी त्यांची जन्माची धारणा, म्हणून आधी त्यांना आनंदच झाला. टेबलही मोकळं झालं. ते आता खुर्चीवर बसून, ताट टेबलावर ठेवून, माणसासारखे जेवू लागले. फक्त समोर कोणी कातरत नसल्यामुळे स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायचा.

बायको दुपारची खालच्या मजल्यावर जायला लागली. "नर्सबाईंचा गुडघा धरलाय. बसून येते जरा." गुडघा काही बरा होईना. कपाट आणि शिल्लकभाऊ दोघंच घरात राहत.

एके दिवशी ती वर आली, तेव्हा तिच्या केसांत चमकी दिसली. शिल्लकभाऊ उठले, कुलूप काढलं, चमकीची बरणी खाली उतरवली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. मग ही चमकी आली कुठून? असली शंका त्यांना कारखान्यात कितीदा तरी आली होती आणि कधी खोटी ठरली नव्हती. दुसऱ्या दिवशी गुडघ्याची चौकशी करायच्या निमित्ताने ते खाली गेले.

दार उघडंच होतं. नर्सबाई धडधाकट गुडघ्यांनी चहाचा ट्रे घेऊन फिरत होत्या. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, बिस्किटांच्या पुड्यांचे आतले चंदेरी कागद, औषधांची रिकामी खोकी आणि भरपूर कपटे. त्या ढिगापाशी त्यांची बायको कोपरापर्यंत डिंक लावून बसली होती आणि कशाला तरी खदखदून हसत होती. हसता हसताच तिने वर्तमानपत्राखाली हात घातला आणि कात्री काढली.

शिल्लकभाऊंना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं माणसं खिडकीशी येत होती, कारण कारखान्यात दुसरी खिडकीच नव्हती. इथे होती, एक जिना उतरलं की झालं. घरी उत्तमातला उत्तम कागद ठेवून बायको इथे औषधांची खोकी कापत होती आणि हसत होती.

"या की भाऊ, दारात काय उभे?" नर्सबाई म्हणाल्या. "ते कागद सरकवा आणि बसा."

बायकोचं हसू थांबलं. "तुम्हाला काही हवं होतं का?"

"कात्री," ते म्हणाले. "म्हणजे, असली जादा तर."

नर्सबाईंनी ट्रे टेकवून ढिगातली एक कात्री त्यांच्यासमोर ठेवली आणि ट्रे उचलून आत गेल्या. शिल्लकभाऊ सवयीने थांबून राहिले. कोणी काहीच विचारलं नाही. मग ते बसले आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापू लागले, अगदी सरळ. थोड्या वेळाने खिशातून किल्ली काढून त्यांनी बायकोच्या पुढ्यात ठेवली.

"चांगला कागद वर आहे," ते म्हणाले. "हवा तेवढा घे."

तिने मान हलवली. बघता बघता किल्ली कपट्यांखाली गेली. निघताना त्यांनी ढिगात हात घालून पाहिला. डिंक लागला, बटण लागलं, किल्ली काही लागली नाही. ते तसेच वर आले.

बायकोने हात घातल्यावर किल्ली सापडलीच असणार, कारण आठवड्याभरात टेबल पुन्हा भरलं. कात्र्या चमच्यांत गेल्या आणि कपाटाच्या दारावर नुसते कात्र्यांचे आकार राहिले. त्या दिवशी शिल्लकभाऊ ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले आणि पहिल्याच घासाला दाताखाली चमकी आली. ती त्यांनी मुकाट्याने गिळली.

"अहो," बायको टेबलावरून म्हणाली, "इकडे या आणि हे टोक धरा जरा. डिंक वाळेपर्यंत."

किती वेळ आणि कशाला, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या ओठांवर आले होते. ताट खाली ठेवून ते उठले आणि दोन बोटांत टोक धरून उभे राहिले. जेवण निवत चाललं होतं आणि भूकही लागली होती, पण ती "सोडा आता" म्हणेपर्यंत शिल्लकभाऊंनी टोक सोडलं नाही.