दारातलं पाणी

केटलचं बटण खट्कन उडालं आणि स्वरूपा दचकली. सकाळपासून घरात तेवढाच काय तो आवाज. पाणी उकळून गार झालं, तरी ती ओट्यापाशी तशीच उभी.

समोर फ्रिजवर कागद होता. आबय म्हणजे आई. आजय म्हणजे आजी. बाकोल म्हणजे आजोबा. कटा म्हणजे मोठं. शेजारच्या मर्झिया आजय हजारा, अफगाणिस्तानातल्या डोंगराळ भागातल्या. तिथून क्वेट्टा आणि म्हातारपणी नातीबरोबर इथे परदेशात, ॲडम्सटाउनला. स्वरूपा ऑफिसला गेली की चार वर्षांची श्रावणी त्यांच्याकडे. वर्षभरात पोरगी त्यांच्या हजारगी फारसीत बडबडायला लागली. आईला इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि भूक लागली की हजारगीत रडायची. म्हणून हा कागद.

"तुझी लेक माझ्या गावची झाली," आजय उर्दूत चिडवायच्या. "आता तिला भेटायला व्हिसा काढ!"

रविवारी त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. मंगळवारी त्या गेल्या. आज शुक्रवार.

फोन वाजला. नवरा, आशिष.

"सांगितलंस का गं तिला?"

"सांगते."

"तीन दिवस सांगतेच आहेस."

तिने फोन ठेवला. कपाटातले कप काढले, पुसले, पुन्हा आत लावले. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

दारावर टकटक झाली. आजयची नात, मासूमा. हातात पिशवी, तीत श्रावणीच्या सपाता, तिचा पेला, अर्धवट रंगवलेली वही.

"बरी आहेस ना?"

"आय ॲम ग्रँड," मासूमा इथल्या लोकांसारखं म्हणाली, आणि दारातच उभी राहिली. मग हळूच उर्दूत, "दीदी, रविवारी श्रावणीने मागे पाणी टाकलं ना, आजयने ते पाहिलं. आमच्यात जाणाऱ्याच्या मागे पाणी टाकतात, माणूस परत यावा म्हणून. आजयनेच शिकवलं होतं तिला. हॉस्पिटलमध्ये नर्सच्या मागे लागली होती, माझ्या नातीने पाणी टाकलंय, मला लवकर सोडा."

स्वरूपाने मान हलवली. पिशवी घेतली. दार लावलं.

रविवारी श्रावणी धावत आत आली होती. असाच एक पेला भरून तिने उंबऱ्याबाहेर ओतला होता. आणि स्वरूपा ओरडली होती, "अगं, काय हे! घसरून पडेल ना कोणीतरी!" ॲम्ब्युलन्स अजून कोपऱ्यावरच होती. तिने मॉप आणून फरशी कोरडी केली होती. अगदी कोपऱ्यांपर्यंत.

"वॉज दॅट मासूमा?" श्रावणी जिन्यावरून खाली आली. पेला दिसताच तो उचलून छातीशी धरला.

स्वरूपा खाली बसली, तिला मांडीवर घेतलं. केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

"बाळा, आजय गेली."

"आय नो. टू द हॉस्पिटल."

"नाही गं. तिथे ती खूप आजारी होती. मग ती वारली. आता ती येणार नाही."

श्रावणी पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग दाराकडे पाहिलं, उंबऱ्याकडे.

"बट आय थ्रू द वॉटर."

"हो. टाकलंस तू."

ती मांडीवरून उतरून उंबऱ्यापाशी गेली. मग आईकडे वळली आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली,

"आई, तू ते का पुसलंस?"