मागच्या दाराची चावी

आईच्या कोटाच्या खिशात चावी सापडली तेव्हा मी तिचं कपाट आवरत होते. शनिवारची दुपार होती. आदल्या दिवशीची, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना मी चुकवली होती आणि रविवारची, ईस्टरच्या पहाटेचीही चुकवणार होते. आई गेल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. मी ज्या छापखान्यात मुद्रितं तपासते तो चालणार की बंद पडणार, हे मालकालाही सांगता येत नव्हतं. घरी यावं तर आईची खोली. एक स्वेटर घडी करायचा, खिडकीशी जाऊन यायचं, आणि तोच स्वेटर पुन्हा उलगडायचा, असं चाललं होतं.

चावी पाहताच ओळखली. आमच्या चर्चच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. शुक्रवारी उपासना संपली की पाळक मोठ्या दाराला आतून अडसर लावतात, आपली चावी वेदीवर ठेवतात आणि मागच्या दारानं बाहेर पडतात. ते दार ओढलं की आपोआप लागतं. दुसरी चावी मंडळीतल्या कुणातरी एकाकडे असते. कुणाकडे, हे विचारायचं नाही. रविवारी उजाडायच्या आत सगळे फुलं घेऊन बंद दारासमोर उभे राहतात, पाळकसुद्धा. चावीवाला आधीच मागून आत गेलेला असतो. तो अडसर काढतो आणि एकच वाक्य म्हणतो, “तो पुढे गेला आहे, या.” मग वर्षभरात कधीतरी ती चावी गुपचूप दुसऱ्याच्या हातात जाते. येशूच्या थडग्याकडे निघालेल्या बायकांनाही तोंडावरचा दगड कोण बाजूला करणार हे माहीत नव्हतं, म्हणून आपणही न विचारता यायचं, असं आईनं लहानपणी सांगितलं होतं.

गेल्या वर्षी दार सुतारकाकांनी उघडलं होतं. म्हणजे आईला चावी त्यांनीच दिलेली. मी तशीच त्यांच्याकडे गेले. ते फळीवर रंधा मारत होते. मी चावी समोर धरली तशी त्यांनी मान फिरवली.

“मला दाखवू नकोस.”

“काका, तुम्हीच दिलीत ना आईला?”

“दिली. माझं काम संपलं.”

“आणि ती गेल्यावर? चावी कुठंय म्हणून विचारावंसं वाटलं नाही?”

“वाटलं की. झोप उडालीय माझी. तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलो. पण विचारायचं नाही ना.”

“उद्या सगळे बाहेर ताटकळले असते.”

“असते खरे.” त्यांनी फळीवरचा भुसा फुंकला. “एकदाही ताटकळलो नाही म्हणून फार शहाणे झालोय आपण.”

“चेष्टा नको. मी येणार नाहीये उद्या. ही तुम्ही घ्या.”

“एका माणसानं दोनदा उघडायचं नाही. हवं तर दुसऱ्या कुणाला दे. पण दार फुगलंय. खालून गुडघा लावून उचललं तरच अडसर निघतो.”

“मी उघडणार नाही म्हटलं ना.”

“मग ज्याला देशील त्याला सांग,” म्हणत त्यांनी रंधा पुन्हा हातात घेतला.

दुसरं कुणी म्हणजे मावशी. तिचा मुलगा परदेशात वायरमन आहे, आणि तो काम करतो त्या शहरात लढाई पेटली होती. तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. तिच्या हाताला काहीतरी काम मिळेल, असं मी स्वतःला पटवत गेले. खरं तर मला चावी टाळायची होती.

“ये. उभी का? तुझ्या आईसारखी पायाला भिंगरी लावून फिरू नकोस. बस.”

मी बसले. फोन तिच्या मांडीवर होता आणि चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली होती.

“काही कळलं?”

“नाही. कंपनीवाले म्हणतात लाइनी बंद आहेत. टीव्हीवाले एक सांगतात, शेजारीण भलतंच सांगते. मी दोघांनाही बंद केलंय.”

“मावशी, उद्या ना...”

“उद्या मला लवकर पोचायचंय,” ती म्हणाली. “खरं सांगू? इतकी वर्षं त्या दारासमोर उभी राहिले, पण मनातून ठाऊक असायचं, आत कुणीतरी आहेच. नवे बूट चावतायत, याचाच विचार चाललेला असायचा. यंदा मला काहीच ठाऊक नाही. यंदा ते दार कुणीतरी उघडलेलं मला बघायचंय गं. बाहेर उभं राहून.”

चावी माझ्या मुठीत होती आणि मूठ खिशात. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

“तू येशील ना?”

“बघते.”

“बघते म्हणे. तुझी आईही असंच म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी हजर असायची.”

पहाटे मी मागच्या दारानं आत गेले. आत अंधार होता आणि मेणाचा वास. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. मी पुष्कळ वाचलं आहे, विश्वासाच्या बाजूचं आणि विरुद्धचंही. आईच्या खाटेशी बसले असताना त्यातलं काही कामी आलं नाही. ती प्रार्थना करायची आणि मी सलाइनचे थेंब बघत बसायचे. ते वाक्य मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? खोटं बोलायला इतक्या पहाटे कशाला उठायचं? मागचं दार जवळच होतं. निघून गेले असते तर कुणाला कळलंही नसतं.

बाहेर पावलं वाजू लागली. कुणी खोकलं, कुणी कुजबुजलं, “यंदा आहे का कुणी आत?” मग मावशीचा आवाज आला, अगदी दाराला लागून. “नसलं तर थांबू. आलोय ना आता.”

थडग्याकडे निघालेल्या त्या बायकांची गोष्ट मी नेहमी त्यांच्या बाजूनं, वाटेवरून ऐकली होती. दगड कोण सरकवणार, ही त्यांची काळजी. पण त्या बोलत होत्या तेव्हाच तो सरकलेला होता. काळजी खोटी नव्हती, फक्त त्यांना अजून पोचायचं होतं. हे मला दाराच्या या बाजूला उभं राहिल्यावर कळलं, कारण बाहेर मावशी धास्तावलेली होती आणि आत मी होतेच. माझ्या स्वतःच्या दारापलीकडे कोण आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पण तिथं कुणीच नाही, असं मी जे गृहीत धरून बसले होते, ते मला कुणी सांगितलं होतं?

अडसर हलेना. मी दाराच्या फळीखाली गुडघा घातला आणि जोर केला. काहीतरी कुरकुरलं. बाहेर एकदम शांतता झाली. मी प्रार्थना केली असं म्हणायला हरकत नाही. शब्द फारसे नव्हते, “निघू दे” एवढेच. दुसऱ्या झटक्याला अडसर सुटला आणि दार माझ्या अंगावर आलं.

समोर मावशी होती, हातात फुलं आणि फोन. तिच्या मागे सुतारकाका आपल्या बुटांकडे बघत उभे होते.

“तो पुढे गेला आहे,” मी म्हणाले. आवाज फाटला, पण वाक्य पूर्ण झालं. “या.”

 मावशीनं माझे हात हातात घेतले, कुरवाळले. “केवढे गार पडलेत,” म्हणाली. “स्वेटर तरी घालायचास.”

आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. आमच्या दोघींमध्ये आईची जागा होती. मावशीनं फोन तिथं ठेवला.

“माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही आत्ता,” ती म्हणाली. “वाजला तर तू उचल.”

“उपासना चालू असताना?”

“हो,” मावशी म्हणाली. “तेव्हाच.”