काळा जड की रुपेरी

बाबांनी टेबलावरचा चौथा लॅपटॉप उचलला आणि दुकानाचा भोंगा पुन्हा वाजायला लागला.

प्रत्येक लॅपटॉपच्या पोटाला एक वायर चिकटवलेली होती. ती निघाली की भोंगा वाजणार, चोर सापडणार, अशी सोय. गेल्या पंधरा मिनिटांत चोर चारदा सापडला होता आणि चारही वेळा ते बाबाच होते. दारातल्या वॉचमननं आता उठणंसुद्धा सोडून दिलं होतं. बसल्या जागेवरून तो नुसता "ठेवा, ठेवा" असा हात हलवत होता.

"काका, उचलू नका हो!" टाय घातलेला सेल्समन धावत आला. "हे बघायचं असतं."

"नुसतं बघून काय कळतं? लग्नाची मुलगी आहे का ती?" बाबा म्हणाले. "बाराशे ऐंशी."

"नाही हो काका, किंमत तेवढी कशी असेल?"

"किंमत कोण सांगतंय? वजन. बाराशे ऐंशी ग्रॅम."

टायवाल्यानं लॅपटॉपपुढची पाटी वाचली. मग बाबांकडे बघितलं. मग पुन्हा पाटी वाचली. पाटीवर बाराशे ऐंशीच लिहिलं होतं.

यात बाबांच्या मुलीला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. गोदामात माल तोलण्यात बाबांची तीस वर्षं गेली होती. तिथे त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे 'काटा' म्हणत. पोतं उचलून आकडा सांगायचे आणि मग काटा तोच आकडा दाखवायचा. काट्यानं वेगळा दाखवला तर काटा दुरुस्तीला जायचा.

नवल तिला दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. चारही लॅपटॉप बाबांनी डाव्या हातानं उचलले होते. आणि बाबा उजवे होते. जेवणं, सही करणं, लहानपणी तिला दिलेली एकुलती एक चपराक, सगळं उजव्या हाताचं.

नर्सिंगच्या मुलीला पहिल्या वर्षी पुस्तकातला प्रत्येक रोग स्वतःला होतो आणि दुसऱ्या वर्षी नातेवाइकांना, असं त्यांच्या हॉस्टेलवर म्हणत. तिनं हा नियम मनापासून पाळला होता. पहिल्या वर्षी तिला दोनदा क्षय झाला. दुसऱ्या वर्षी तिनं मामाला हार्ट अटॅक दिला. मामाला उचलून दवाखान्यात नेलं, तर पायरीवरच त्यानं एक दणदणीत ढेकर दिला आणि अटॅक जागच्या जागी बरा झाला. मग आत्याला कावीळ झाली. आत्याचं रक्त तपासून झाल्यावर कळलं की तिच्या खोलीत पिवळा दिवा लावलाय. त्या दिवशी बाबांनी कायदा केला होता, "या घरात नर्सिंग करायचं नाही. ते कॉलेजात. इथे फक्त खायचं आणि झोपायचं." आईनं लगेच मान डोलावली होती. आई बाबांच्या बोलण्याला एवढ्या तत्परतेनं कधी मान डोलावत नसे.

परवा ती सुट्टीला घरी आली तेव्हापासून बाबांचा चहाचा कप डाव्या हातात होता. विचारलं तर म्हणाले, "उजव्याला रजा दिलीय. तीस वर्षं राबला बिचारा." आणि मागच्याच आठवड्यात सरांनी वर्गात मेंदू शिकवला होता. डोक्यात एका बाजूला काही वाढायला लागलं की दुसऱ्या बाजूचा हात हळूहळू कामावर येईनासा होतो, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. परवापासून तिची एकच इच्छा होती. मामासारखं व्हावं. कुठूनतरी एक ढेकर यावा आणि सगळं निघून जावं.

"ताई, लॅपटॉप नक्की कशासाठी हवाय?" टायवाल्यानं आता तिच्याकडे मोर्चा वळवला.

"नर्सिंगसाठी."

"नर्सिंगला लॅपटॉप? मला वाटलं सुई लागते."

"आता दोन्ही लागतं."

तिनं कॉलेजनं दिलेली यादी पुढे केली आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात कॉलेजचा पेशंट होता. खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी याच्यावर हात बसवायचा, असा नवा नियम. हा ज्या मशीनवर चालेल तेच घ्यायचं, असं मॅडमनी बजावलं होतं.

टायवाल्यानं तो एका मशीनवर चालू केला. पडद्यावर खाट आली, खाटेवर एक गुटगुटीत गृहस्थ आले. तिनं त्यांची नाडी बघितली. गृहस्थांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"हँग झालाय."

"म्हणजे आहे की नाही?"

"मध्येच आहे."

"काही नाही काका, बंद करून चालू केला की उठेल," टायवाला म्हणाला आणि एक बटण दाबून धरलं. गृहस्थ काळोखात गेले. मिनिटाभरानं परत आले, अगदी ताजेतवाने.

"बरं आहे," बाबा म्हणाले. "आपल्याला हे बटण कुठे असतं गं?"

ती हसली नाही. बाबा उजवा हात खिशात घालत होते आणि तो खिशाच्या तोंडाशी अडखळत होता. दुसऱ्या झटक्यात आत गेला.

पुढच्या दोन मशीनवर पेशंट नीट चालला. टायवाला रॅम सांगत होता, बॅटरी सांगत होता, पडदा डोळ्यांना कसा थंड आहे ते सांगत होता. बाबांचा प्रश्न एकच, "भरतो किती?"

"काका, वजनाला कोण विचारतं हो आता?"

"जो वाहतो तो विचारतो. हिला हा रोज वॉर्डात न्यायचाय, तीन जिने चढायचेत. आत्तापर्यंत हिचं दप्तर मी वाहिलं. हे काही मी वाहणार नाही."

"कॉलेजात बाबा येतात का कुणाचे?" ती म्हणाली.

"तेच सांगतोय," बाबा म्हणाले.

टायवाल्याला आता मजा यायला लागली होती. त्यानं मागच्या फळीवरून दोन लॅपटॉप काढले, एक काळा, एक रुपेरी. "काका, या दोघांतला हलका कुठला, तेवढं सांगा. बरोबर आलं तर बॅग आमच्याकडून."

दुकानात तसा उद्योग कुणालाच नव्हता. प्रिंटरवरून भांडत असलेलं एक जोडपं भांडण थांबवून आलं. वॉचमन उठला. दोघांतला हलका सांगायचा म्हणजे दोन्ही हात लागणार होते. बाबांनी दोन्ही लॅपटॉपकडे बघितलं, मग नको तितका वेळ घड्याळाकडे.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "उशीर होतोय."

"हो, जमत नसेल तर राहू द्या," टायवाला म्हणाला. "वय झालं की व्हायचंच."

झालं. बाबांनी उजवा हात खिशातून काढला.

"डोळा लबाड असतो," जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं. "मोठं दिसलं की जड म्हणतो. म्हणून तोलताना डोळे मिटायचे." त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात सरळ पुढे केले आणि तळवे आकाशाकडे वळवले.

हात सरळ पुढे, तळवे वर, डोळे बंद, आणि दहा आकडे. मेंदू शिकवताना सरांनी वर्गात नेमकं हेच करायला लावलं होतं; जो हात खाली येईल, ती बाजू कमजोर. सगळ्या मुलींनी ते एकमेकींवर करून बघितलं होतं, खिदळत. घरी हे करायला कायद्यानं बंदी होती, आणि इथे एक टायवाला बॅगेच्या पैजेवर करून घेत होता.

उजव्या तळव्यावर काळा, डाव्यावर रुपेरी. ती मनात मोजायला लागली. चारला काळा खाली यायला लागला. सहाला तळवा आतल्या बाजूला कलला. आठला लॅपटॉप घसरला. टायवाल्यानं तो वरच्या वर झेलला, पण झेलताना त्याचं कोपर टेबलावरच्या लॅपटॉपला लागलं, वायर निघाली आणि भोंगा पाचव्यांदा वाजला.

"काळा," भोंग्याच्या वर आवाज काढून बाबा म्हणाले. "काळा जड. शंभर ग्रॅम तरी."

टायवाल्यानं भोंगा बंद होईपर्यंत धीर धरला. "काका, दोन्ही एकच मशीन आहे. नुसता रंग वेगळा."

प्रिंटरवाली बाई फिसकन हसली. तिचा नवराही हसला. तेवढ्यापुरता त्यांच्यात समेट झाला.

"मग तुमची कंपनी तुम्हाला फसवतेय," बाबा म्हणाले.

गल्ल्यावरचे मालक इतका वेळ गप्प होते. आता ते पार्सलं तोलायचा काटा छातीशी धरून घेऊन आले. काळा ठेवला. चौदाशे दहा. रुपेरी ठेवला. चौदाशे दहा.

"काटा खोटा आहे तुमचा."

"माझा?" मालकांचे कान लाल झाले. "शिक्का आहे त्याच्यावर! वाचता येतं का?"

"शिक्के मी पुष्कळ बघितलेत. अदलाबदल करा."

अदलाबदल झाली. आता उजव्या तळव्यावर रुपेरी, डाव्यावर काळा. बाबांनी डोळे मिटले. या वेळी तिनं आकडे मोजले नाहीत. टायवाला मात्र खाली हात धरून तयार उभा राहिला.

"रुपेरी," बाबा म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. लोक मोठ्यानं हसले, मालकांनी काटा उचलून जिंकलेल्या ढालीसारखा गल्ल्याकडे नेला. बाबांनी डोळे लगेच उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते उजव्या हाताकडे बघत राहिले. गोदामात त्यांनी कितीतरी खोटे काटे पकडले होते, पारड्याखाली मेण चिकटवलेले, दांडी घासलेले. पकडल्यावर ते कधी ओरडायचे नाहीत. त्या काट्याकडे असेच बघत राहायचे.

"होतं काका असं," टायवाला म्हणाला. त्यालाच वाईट वाटलं होतं. "बॅग देतो मी."

लोक पांगले. तिनं बाबांच्या हातांतून दोन्ही लॅपटॉप काढून टेबलावर ठेवले. ठेवताना तिला त्यांच्या बाहीची मनगटाजवळची बाजू दिसली. तिथे काजं शिवून बंद केली होती.

"बाबा, शर्टाला टिचबटणं कधी लावली?"

"फॅशन आहे."

"तुम्हाला फॅशन?"

"तुझ्या आईला हौस."

"किती शर्टांना?"

बाबांनी डाव्या हातानं बाही खाली ओढली.

"किती शर्टांना, बाबा?"

"सगळ्या."

तिच्या एका फ्रॉकची उसवलेली शिवण घालायला आईला पंधरा दिवस लागायचे. त्या आईनं बसून सगळ्या शर्टांची बटणं काढली होती, सगळी काजं शिवली होती, एका हातानं लागतील अशी टिचबटणं बसवली होती आणि फोनवर रोज सांगितलं होतं, "इकडे सगळं ठीक. तू अभ्यास कर."

"हात परत पुढे करा," ती म्हणाली. "रिकामे."

"नर्सिंग करायचं नाही, ठरलंय ना?"

"घरात. हे दुकान आहे."

"नर्सिंग शिकतेस का वकिली?" बाबा म्हणाले. पण त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केले.

टायवाला बॅग घेऊन आला होता, तो दोन पावलांवर थांबला. डावा हात होता तिथे राहिला. उजवा खाली यायला लागला, भिंतीवरून पाल उतरावी तसा, थांबत थांबत. तळवा आत वळला. बाबांच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. ते शाळेतल्या शहाण्या मुलासारखे ताठ उभे होते.

"काका, तुमचा हा..." टायवाला बोलायला लागला. तिनं मान हलवली, तसा तो गप्प झाला.

"सरळ आहेत ना?" बाबांनी विचारलं. "उघडू?"

तिनं आपला तळहात त्यांच्या उजव्या हाताखाली घातला. हात वर उचलला, डाव्याच्या रेषेत आणला, आणि तसाच धरून ठेवला.

"उघडा," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. दोन्ही हात सारखे होते. मग त्यांची नजर खाली, तिच्या बोटांवर गेली. टायवाला बॅगेची चेन उगीच उघडत होता, लावत होता.

"किती भरतोय?" बाबांनी विचारलं. गोदामात नव्या माणसाला विचारायचे, अगदी त्याच आवाजात.

"जड आहे."

"जड-हलकं गिऱ्हाईक म्हणतं. आपण आकडा सांगायचा."

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "कधीपासून?"

बाबा रस्त्याकडे बघायला लागले. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, कुणीतरी पाठीमागून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होतं. गाडी लागली. इंजिन बंद झालं.

"पाच महिने," बाबा म्हणाले. आणि मग, मापात शेर-छटाक कधी सोडला नाही अशा माणसाच्या सवयीनं त्यांनी पुढचंही सांगितलं.

"पाच महिने, अकरा दिवस."